सहावी मुलगी नव्हती

धारूर
११ मे

प्रिय सुनिता,

गेल्या आठवड्यात दोनदा तुझ्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून फोन आला असेल. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "हालो, कोण बोलतंय?" मागं गिरणी चालू होती, कुणीतरी ज्वारी जाड दळा म्हणून सांगत होतं, आणि पलीकडून काहीच न बोलता फोन ठेवला गेला. ती मीच होते. वनमाला. तुमच्या घरी मला वनी म्हणायचे. बावीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला, तो जराही बदललेला नाही हे कळलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून हे पत्र. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होईपर्यंत तुला मला थांबवता येणार नाही.

दुपारचे दोन वाजलेत. शाळेला सुट्टी लागलीय. आपल्याच शाळेत मी आठ वर्षांपासून खेळाची शिक्षिका आहे आणि शाळेमागच्या दोन खोल्यांत राहते, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. कुलरला वाळ्याची पट्टी घातलीय, तिचा ओला वास घरभर पसरलाय. खिडकीला गोणपाट भिजवून लावलंय आणि त्याला एक भोक आहे, त्यातून मैदान दिसतं. या वेळी खरं तर मैदानाकडं पाहू नये. सिमेंटवरून झळा उठतात, त्यांच्यामागं किल्ल्याची तटबंदी पाण्यात सोडलेल्या लुगड्यासारखी हलते, डोंगर जमिनीपासून वीतभर उचलल्यासारखे तरंगतात. बोर्डाखाली रोज पाणी साचलेलं दिसतं. कधी कधी त्या पाण्यातून दोन्ही वेण्या वर बांधलेली एक मुलगी चेंडू आपटत येते. तिथं कोणी नाही हे मला माहीत असतं, तरी ती चेंडू वर टाकेपर्यंत मी बघत राहते. तू नेहमी डाव्या बाजूनं यायचीस.

आपलं बास्केटबॉलचं मैदान कसलं होतं, आठवतंय का? मुरूम टाकून चोपलेलं, पावसाळ्यात त्यावर गवत यायचं आणि आपणच ते उपटायचो. रिंग लोहाराकडून करून घेतलेली, थोडी डावीकडं झुकलेली. त्यामुळं कुठंही खेळलो तरी आपले सगळे नेम थोडे डावीकडं जायचे. जाळी म्हणून शिंकाळ्याची दोरी. रामकिसन सरांनी लातूरहून एक चेंडू आणला होता आणि तो रोज संध्याकाळी ते धोतरात गुंडाळलेल्या बाळासारखा छातीशी धरून घरी न्यायचे. सलवार-कमीजवर ओढणी कमरेला करकचून बांधून आपण पाच जणी पळायचो आणि कुंपणापलीकडं माणसं उभी राहून हसायची. पोरी चेंडूमागं पळतात म्हणजे काय, हे बघायला गेवराईवरून आलेले पाहुणेसुद्धा आणले जायचे. तू एकदा कुंपणाजवळ जाऊन त्यांना म्हणालीस, "मामा, तिथून नीट दिसत न्हाई, आत येऊन बसा." ते खरंच आत येऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून हसणं कमी झालं. मला तेव्हा वाटायचं, माझ्यात कप्तान असण्यासारखं काय आहे? धाडस तर सगळं तुझ्याकडं होतं. सरांनी मला कप्तान केलं, कारण मी हिशेबी होते, कुणाला कधी पास द्यायचा ते मला कळायचं. तुला फक्त खेळायचं असायचं.

आता तू इथं आलीस तर ओळखायची नाहीस. आपल्या वेळी जिल्ह्यात मुलींचे तीन संघ होते, त्यातला एक ऐनवेळी यायचाच नाही. यंदाच्या उन्हाळी स्पर्धेला एकवीस संघ आले. गावोगावी एकेक बोर्ड उभा राहिलाय, कारण तीन-तीन जणींचा खेळ अर्ध्या मैदानातही होतो. पोरी देशाच्या महिला संघाचे सामने मोबाइलवर बघतात, उड्या कशा घेतल्या ते सावकाश करून परत परत बघतात आणि सकाळी मला येऊन शिकवतात. माझ्या निम्म्या मुली ऊसतोड कामगारांच्या आहेत. आईबाप दिवाळीनंतर कारखान्यावर जातात, मुली वसतिगृहात राहतात. एकदा मी त्यातल्या करिष्माला विचारलं, चेंडू घेऊन इतका तोल सांभाळून वर जायला कुठं शिकलीस? ती म्हणाली, "मॅडम, सुट्टीत फडात गेल्यावर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढावं लागतं. फळी हलती. पडलं तर बाप वरडतो." मी आयुष्यभर पुस्तकातून पावलं शिकवत आले आणि या पोरीला ती एका हलत्या फळीनं शिकवली होती.

आणि ऊन. सुनिता, ऊन आपल्या वेळेपेक्षा खरंच वाढलंय की मला तसं वाटतं, हे मला ठरवता येत नव्हतं, म्हणून मी चार वर्षांपासून रोजचं तापमान वहीत लिहिते. वाढलंय. होळी झाली की चाळीस, आणि मग बेचाळीस, चव्वेचाळीस. आम्ही सव्वापाचला मैदानावर येतो. तेव्हा आकाश राखाडी असतं, किल्ल्यावरून मोर ओरडतात, लिंबाचा मोहर सिमेंटवर सांडलेला असतो आणि पोरी अर्धवट झोपेत तो झाडतात. त्या वेळेचं मला वेड आहे. चेंडूचा पहिला आवाज येतो तेव्हा अख्खं गाव झोपेत कूस बदलतंय असं वाटतं. सात वाजले की खेळ बंद, मग कुणी कितीही रंगात असो. मैदानाच्या कडेला नर्सरीवाल्यांची हिरवी जाळी बांधून घेतलीय. वाळूत चार रांजण पुरलेत. दर पंधरा मिनिटांनी मी शिट्टी मारते आणि तहान असो वा नसो, प्रत्येकीनं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्यायचं. आपल्याला काय सांगितलं होतं? खेळताना पाणी प्यायलं तर पोटात गोळा येतो. आपण चूळ भरून थुंकायचो. मी पोरींना लघवीचा रंग बघायला शिकवलं तेव्हा दोन दिवस त्यांचं हसू थांबेना. तिसऱ्या दिवशी एकजण गुपचूप येऊन म्हणाली, मॅडम, माझा रंग चहासारखा हाय. तिला मी आठवडाभर बसवून ठेवलं.

हे सगळं मी पुण्याच्या एका प्रशिक्षणात शिकले. बारा वर्षं झाली त्याला. एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या, उन्हानं माणूस पडलं तर आधी तिथल्या तिथं अंग गार करायचं, मगच दवाखान्यात न्यायचं. पाणी ओता, ओली चादर टाका, वारा घाला, भोवती गर्दी करू नका. सगळेजण लिहून घेत होते. मी "आधी अंग गार" एवढं लिहिलं आणि पुढं मला लिहिता आलं नाही. आम्ही तुला चादरीत गुंडाळलं होतं. जिपात आम्ही नऊ जण बसलो होतो, तुझ्या अंगावर पडून. कुणीतरी नाकाला कांदा लावत होतं. तुझं अंग तव्यासारखं होतं आणि घामाचा एक थेंब नव्हता.

बीडच्या त्या अंतिम सामन्याबद्दल मी यंदापर्यंत कुणाशी बोलले नव्हते. एप्रिलची दुपार होती. शेवटची चार मिनिटं उरलेली, आपण एका गुणानं पुढं. तू डावीकडून आलीस, चेंडू हातात घेतलास आणि तो टाकायच्या ऐवजी खाली ठेवलास, अगदी हळू, जणू ते झोपलेलं मूल आहे. मग तू त्याच्या शेजारी आडवी झालीस. पुढं अकरा दिवस दवाखाना. पुढं त्याच जेठात तुझं लग्न. सगळे म्हणाले, पोरीनं दुखणं लपवलं. तुझे वडील म्हणाले, शाळेचे लोक म्हणाले. शाळेनं सरांना विचारलं आणि सर म्हणाले, चूक माझी, लक्ष माझं नव्हतं. त्यांची बदली झाली. रिंग उतरवली. मला मात्र त्याच महिन्यात विभागाच्या शिबिराचं बोलावणं आलं. तुझ्या लग्नाला मी नव्हते. दवाखान्याच्या दाराशी जिपातून उतरले ती पुन्हा तिकडं फिरकलेही नाही. तापमानाच्या वहीसारखी याची वही ठेवली असती तर तिच्यात एवढंच लिहावं लागलं असतं.

आता यंदाचं सांगते. तिथंच मला यायचं आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अंबाजोगाईला स्पर्धा होती. आमचा उपांत्य सामना सकाळी साडेसातला होता, तो आधीचे सामने लांबत लांबत पावणेअकराला सुरू झाला. मी संयोजकांना म्हणाले, संध्याकाळी खेळवा. ते म्हणाले, संध्याकाळी अंतिम सामना आहे, पाहुणे येणार आहेत, खेळायचं नसेल तर तसं लिहून द्या. पोरी माझ्याकडं बघत होत्या. खेळलो. मी आठ जणींशिवाय संघ नेत नाही, आठ होत्याही. पण तिसऱ्या भागात एकीचा पाय मुरगळला आणि शेवटच्या भागात दोघी पाच-पाच फाउल होऊन बाहेर आल्या. मैदानात पाच उरल्या आणि बाकावर माझ्या शेजारी फक्त रिकाम्या बाटल्या आणि बसून राहिलेल्या तिघी.

आमची कप्तान तेजश्री. तिचे वडील गावातले पुढारी, हिरवी जाळी त्यांनीच बांधून दिली. पोरगी माझ्यासारखीच आहे, सगळं मोजून करणारी. ती आणि करिष्मा यांचं मैदानात न बोलता चालतं. तीन मिनिटं उरली होती, आम्ही चार गुणांनी पुढं होतो, आणि करिष्मानं चेंडू उजवीकडं पास दिला. उजवीकडं कोणी नव्हतं. चेंडू रेषेबाहेर गेला, लिंबाच्या बुंध्याला लागून थांबला. ती त्या रिकाम्या जागेकडं बघून हसली, कुणीतरी पास नीट घेतल्यासारखी. बाकी सगळ्यांना तो चुकलेला पास वाटला. मी टाइम आउट मागितला. जवळ आल्यावर तिच्या कपाळाला हात लावला तर ते कोरडं होतं. मी विचारलं, करिष्मा, आत्ता आपण कुठं आहोत? ती म्हणाली, "मोळी बांधली का मॅडम? गाडी निघायलीय."

मी तिला खाली बसवलं. तेजश्री माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, तीनच मिनिटं हायत. ती करती की. तीनच मिनिटं खेळू द्या तिला." हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. कुणाच्या तोंडचं, ते फक्त तुला आणि मला माहीत आहे असं मी तोवर समजत होते. मी पंचांना सांगितलं, आमच्या चौघी खेळतील. तेजश्रीच्या वडिलांनी मंडपातून उठून येऊन म्हटलं, "मॅडम, जिंकलेली मॅच घालवायलात तुमी." तोवर मी करिष्माच्या बुटांचे बंद कापत होते. पाण्याचा टँकर होता, त्याचा पाइप तिच्या मानेवर सोडला. आइस्क्रीमवाल्याकडचा बर्फ काखेत ठेवला. चादर भिजवली. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी चादरीचं टोक धरलं आणि वारा घालायला लागलं. म्हातारे हात होते, मनगटावर जुनं चावीचं घड्याळ. मी वर पाहिलंच नाही. बारा मिनिटांनी करिष्मानं डोळे नीट उघडले आणि विचारलं, स्कोर काय झाला? मग मी वर पाहिलं. चादर धरून रामकिसन सर उभे होते.

आम्ही तीन गुणांनी हरलो होतो.

करिष्माला दवाखान्यात नेलं, ती बरी होती, डॉक्टर म्हणाले वेळेत गार केलीत. सलाइन चालू असताना ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आमी फडात याच्यापेक्षा लई ऊन खातो. तिथं कुणी बाहेर काढत न्हाई. इथंच कावून काढलं?" मी तिचे पाय पुसत बसले.

सर चकलांब्याला राहतात. पेपरात आमच्या संघाचं नाव वाचून दोन बस बदलून सामना बघायला आले होते. वय झालंय, एका कानानं ऐकू येत नाही, पण अजून चेंडूच्या आवाजावरून हवा कमी-जास्त सांगतात. दवाखान्याच्या आवारात एका बाकावर आम्ही दोघं बसलो. दुपार इतकी स्तब्ध होती की पाखरंही सावलीत चोच उघडी ठेवून बसली होती. मी बावीस वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते त्यांना सांगितलं. म्हणाले, सर, सुनितानं काही लपवलं नव्हतं. तिनं मला सांगितलं होतं. खेळ थांबला होता तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाली, वने, मला गरगरायलंय, पाय माझे वाटंनात, मला बाहेर काढ. आणि मी तुमच्याकडं न येता तिला म्हणाले, चारच मिनिटं राहिलीत, आपण पाचच आहोत, तू गेलीस तर हरलो. खेळ. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि ती खेळली.

सरांनी ऐकू येणारा कान माझ्याकडं केला होता. मग म्हणाले, "मला म्हाईत हाय." मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "चौथ्या दिवशी पोरीनं डोळे उघडले तेव्हा मी तिथंच होतो. पयलं तेच बोलली. सर, वनीला मी सांगितलं होतं, पण तिचं नाव घेऊ नका. तिला शिबिराचं बोलावणं यायचंय. माझं आता खेळणं न्हाई, तिचं तरी थांबू नये." मग म्हणाले, "मी नाव घेतलं न्हाई ते काय फक्त तिच्या म्हणण्यावरनं न्हाई, वनमाला. सोळा वर्षांच्या पोरीवर ते ठरवायची पाळी मी आणली. मी पाचच पोरी घेऊन गेलतो. सहावी मुलगी नव्हती, ती चूक माझीच हाय. म्हणून मी चूक माझी म्हणालो. खोटं बोललो न्हाई." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून दशम्या काढल्या आणि एक माझ्या हातावर ठेवली. मी ती तशीच धरून बसले. ते सावकाश खात राहिले.

संध्याकाळी करिष्माची आई आली. मंजुळाबाई. मी त्यांना झालेलं सांगितलं तेव्हा त्या मुलीच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, बरं केलं मॅडम बाहेर काढलं, ऊन एकदा डोक्यात बसलं की जन्मभर निघत न्हाई, आमच्या टोळीत एक बाई होती युसूफ वडगावची. तुझ्या सासरच्या गावाचं नाव ऐकून मी विचारलं, नाव काय? त्या म्हणाल्या, सुनिता. त्यांनी मग सगळं सांगितलं, सहज, गप्पा मारल्यासारखं. अकरा वाजले की तुला फडात उभं राहता यायचं नाही, तू बैलगाडीखाली बसायचीस. तुझ्या वाट्याचं तुझे यजमान अजिनाथराव तोडायचे आणि तू पहाटे चारला उठून सगळ्यांच्या आधी कोयता चालवायचीस, म्हणजे उन्हाआधी तेवढं तरी व्हावं. आणि तुझ्या सासूबाई, गीताबाई, टोळीतल्या बायकांसमोर म्हणायच्या, हिनं आधीपासनंच दुखणं लपवलं, शाळेत बी लपवलं, लग्नात बी लपवलं, लपवायची सवयच हाय हिला. मंजुळाबाई म्हणाल्या, सुनिता त्यावर कधीच काही बोलायची नाही, नुसती पाचट गोळा करत राहायची. आता सात-आठ वर्षांपासून तू टोळीत नाहीस, घरीच गिरणी टाकलीय, हेही त्यांनीच सांगितलं. तुझा नंबरही त्यांच्याकडूनच मिळाला.

घरी आल्यावर दोन दिवस मी सराव घेतला नाही. कुणी आलंही नाही, पोरी रुसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सव्वापाचला चेंडूचा आवाज आला. गोणपाटाच्या भोकातून पाहिलं तर तेजश्री एकटी फ्री थ्रो टाकत होती आणि करिष्मा बोर्डाखाली बसून तिला चेंडू परत देत होती. हळूहळू सगळ्या आल्या. मी त्यांना गोल बसवलं आणि आपली गोष्ट सांगितली. सगळी. मी काय म्हणाले तेही. मला वाटलं होतं सांगताना माझा आवाज फुटेल, पण तो सरळ राहिला, जणू मी दुसऱ्याच कुणाचं सांगत होते. उजाडत होतं, पोरींचे चेहरे एकेक करून स्पष्ट होत होते आणि त्या चेहऱ्यांवर काय आहे ते मला बघवेना. करिष्मानं विचारलं, "मग त्यांनी पुना कधीच चेंडू हातात घेतला न्हाई?" मी म्हणाले, मला माहीत नाही. तेजश्रीनं विचारलं, "त्या आता कुठं असतेत?" मी म्हणाले, युसूफ वडगावला. "किती लांब हाय इथून?" चाळीस किलोमीटर असेल, मी म्हणाले. ती सगळं मोजते, हे तुला वर सांगितलंच. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं, मग उठून चेंडू घेतला आणि खेळायला गेली.

सुनिता, तू माझं नाव घेतलं नाहीस म्हणून मी खेळले, शिकले, या नोकरीला लागले. तुला मी काय परत देऊ शकते? उन्हातली तुझी वर्षं तर नाही. पण तुझ्या घरात अजून जी एक खोटी गोष्ट चालते, ती मला खोडता येईल. तुझ्या सासूबाईंसमोर, अजिनाथरावांसमोर आणि तुझ्या मुलांसमोर बसून मला सांगायचंय की सुनितानं काहीही लपवलं नव्हतं. तिनं वेळेवर सांगितलं होतं आणि ऐकणारीनं ऐकलं नाही, ती ऐकणारी मी. सरही यायला तयार आहेत. पुढच्या सोमवारी सकाळची गाडी आहे, ती ऊन चढायच्या आत तुमच्या गावात पोचते. पण कदाचित तुला हे नको असेल. तू हे इतकी वर्षं मिटवून ठेवलंस त्यामागं तुझी काही कारणं असतील, घरात आता कुठं शांतता असेल, आणि मी माझं मन हलकं करायला येऊन ती मोडावी असं तुला वाटत नसेल. म्हणून मी आधी येत नाही, आधी विचारते. ज्या नंबरावरून तुला फोन आला होता त्यावर एक शब्द पाठव, ये किंवा नको. नको म्हणालीस तर मी गाडीत बसणार नाही आणि पुन्हा विचारणारही नाही. तू सांगशील ते या वेळी मी पहिल्याच शब्दाला ऐकेन.

तू अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच
वनी